आराखडा मिळाला, आता लेखाशीर्ष शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. महापालिकेनं दोन वर्षांपूर्वी शहराचा हवामान कृती आराखडा वाजतगाजत प्रसिद्ध केला. त्यात २०५० पर्यंत 'नेट झीरो' व्हायचं, म्हणजे शहर सोडेल तेवढे कर्बवायू शोषलेही जातील, असं म्हटलंय, पण त्यानंतर काही हललेलं दिसत नाही. विचारणारे सात-आठ जण आहेत, बहुतेक नोकरदार, दोघं कॉलेजात. निवेदनं देऊन झाली, आयुक्तांबरोबर फोटो झाला, मानवी साखळीही झाली. आता मोठं आंदोलन उभारावं की सरळ कोर्टात जावं?

यंदा तरी दोन्ही करू नका. आधी अंदाजपत्रक मिळवा.

गेली अठरा वर्षं मी एका मध्यम आकाराच्या महापालिकेच्या मागे लागलेली आहे, आणि त्यातली पहिली पाच वर्षं मी निवेदनांत घालवली. निवेदनाचं काय होतं ते सांगते. त्यावर आवक क्रमांक पडतो, कोणीतरी 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारतं आणि ते पर्यावरण विभागाकडे जातं. बऱ्याच महापालिकांत पर्यावरण विभाग म्हणजे एक अधिकारी, दोन कंत्राटी अभियंते आणि एक प्रिंटर. आराखड्यातलं खरं काम असतं पाणीपुरवठा, विद्युत, घनकचरा, पथ, उद्यान, बांधकाम परवानगी आणि परिवहन या खात्यांकडे. आमच्याकडे विद्युत विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना मी विचारलं, "साहेब, आराखड्यात तुमच्या खात्याची अकरा कामं आहेत, त्यांचं काय झालं?" ते म्हणाले, "तो पर्यावरणवाल्यांचा आहे ना?" ते टाळत नव्हते. त्यांच्या टेबलावर आराखड्याची प्रतच गेली नव्हती. मी झेरॉक्स काढून दिली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाहिली.

म्हणून हे आधी समजून घ्या, की हवामान आराखडा कायद्यानं कोणाला बांधत नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली होणारा विकास आराखडा बांधतो. त्यात बाग म्हणून दाखवलेल्या जागेवर इमारत उभी राहिली, तर भांडायला पाय असतात. हवामान आराखड्यात 'शहरातील हरित आच्छादन वाढवणे' असं लिहिलं असेल, तर त्या वाक्याला ना तारीख, ना खातं, ना पैसा. त्याला बांधून घ्यायचं तर ते वाक्य ठरावात, अंदाजपत्रकात किंवा निविदेत उतरावं लागतं. तुमचं सगळं काम हे उतरवून घेण्याचं आहे.

मुंबईचं जुनं उदाहरण घ्या. पावसाचं पाणी वाहून नेणारी शंभर वर्षं जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसापुरती होती. ती ५० पर्यंत न्यायला हवी, त्यासाठी नाले रुंद करा, आठ पंपिंग स्टेशनं बांधा, असं सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ मध्येच तयार होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शेकडो माणसं गेली, आणि मग त्या अहवालाच्या कामांना खरा निधी मिळाला. एवढं होऊनही आठांपैकी मोगरा आणि माहूल ही दोन केंद्रं जागेच्या आणि परवानग्यांच्या घोळात वर्षानुवर्षं अडकून राहिली. अहवाल चांगलाच होता, पण कपाटात बारा वर्षं पडून राहिला. तुमचा आराखडाही कदाचित चांगलाच असेल.

आता अंदाजपत्रक. बहुतेक महापालिका ते संकेतस्थळावर टाकतात, पाचशे-सातशे पानांची पीडीएफ असते. घाबरू नका, तुम्हाला त्यातली वीस पानं लागतील. प्रत्येक ओळीला लेखाशीर्ष म्हणतात, आणि त्यापुढे साधारण तीन आकडे असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाची तरतूद. वर्तमानपत्रात तिसऱ्या आकड्याची बातमी येते. तुम्ही पहिला वाचा.

आमच्याकडे 'ओढे व नैसर्गिक प्रवाह पुनरुज्जीवन' अशी एक ओळ होती. दर फेब्रुवारीत तिच्यासमोर घसघशीत रक्कम असायची आणि आम्ही खूश व्हायचो. मग आमच्यातल्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यानं चार वर्षांची अंदाजपत्रकं शेजारी शेजारी ठेवली. प्रत्यक्ष खर्च: शून्य, शून्य, थोडासा, शून्य. थोडासा होता तो एका सल्लागाराच्या अहवालाचा. बाकीचे पैसे डिसेंबर-जानेवारीत 'वर्गीकरण' होऊन डांबरीकरणाला आणि पेव्हर ब्लॉकला जात होते. हा शब्द लक्षात ठेवा. एका लेखाशीर्षातली शिल्लक दुसरीकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. त्याचे प्रस्ताव स्थायी समितीच्या, म्हणजे खर्च मंजूर करणाऱ्या नगरसेवकांच्या समितीच्या, विषयपत्रिकेवर येतात, बहुधा शेवटी, चाळीस विषयांच्या रांगेत, आणि दोन मिनिटांत मंजूर होतात. हवामानासाठीचा पैसा नेमका इथे जातो, तोही सगळ्यांसमोर.

तेव्हापासून आमचा एकच कागद असतो. ए-फोर आकाराचा, एका बाजूला छापलेला. सात लेखाशीर्षं, चार वर्षं, तरतूद आणि खर्च. खाली एकही विशेषण नाही. तो कागद आम्ही स्थायी समितीच्या प्रत्येक सदस्याच्या हातात देतो, विरोधी पक्षनेत्याला देतो, वार्ताहरांना देतो, आणि ज्या अभियंत्याच्या खात्याची ती ओळ आहे त्याला सर्वांत आधी देतो. अभियंत्याला आधी का, ते पुढे सांगते.

'हवामान अंदाजपत्रक' हा शब्दही आता कानावर येईल. शहराच्या पैशाच्या अंदाजपत्रकाबरोबर कर्बवायूंचं अंदाजपत्रक मांडायची पद्धत ओस्लोनं पाडली. मुंबई महापालिकेनं जून २०२४ मध्ये आपलं पहिलं हवामान अंदाजपत्रक काढलं. २०२४-२५ च्या भांडवली खर्चातला सुमारे ३२ टक्के, म्हणजे दहा हजार कोटींहून थोडा जास्त खर्च हवामानाशी संबंधित असल्याचं त्यात मांडलं होतं. आकडा मोठा आहे आणि अशी मांडणी होणं चांगलंच आहे. पण मलनिस्सारण, पर्जन्यवाहिन्या, कचरा ही कामं शहराला तशीही करायचीच होती. तेव्हा तुमच्या महापालिकेनं असं काही काढलं तर टाळ्या वाजवा आणि लगेच विचारा, यातल्या किती ओळी आराखड्याच्या आधीही होत्या? नव्या किती? आणि आराखड्याच्या विरुद्ध जाणाऱ्या ओळी कुठे दाखवल्यात? नदीपात्रातला रस्ता, ओढ्यावरचा स्लॅब, उड्डाणपुलासाठी जाणारी झाडं यांचा हिशेब कुठल्याच हिरव्या तक्त्यात नसतो. आमच्याकडे एका वर्षी नाल्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घालण्याचं काम 'हवामान अनुकूलन' या सदरात होतं. भिंती झाल्या, आणि पुढच्या पावसात पाणी खालच्या वस्तीत आधीपेक्षा जोरात शिरलं.

"वीज आमच्या हातात नाही हो," हे उत्तर तुम्हाला पहिल्याच बैठकीत मिळेल, आणि ते अर्धं खरं आहे. मुंबईच्या २०२२ च्या आराखड्यासाठी जी मोजदाद झाली, तिच्यात २०१९ सालचं शहराचं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन निघालं. त्यातला साधारण ७० टक्के भाग इमारतींत नि उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा होता. कोळशाची वीज कुठून घ्यायची हे महापालिका ठरवत नाही. म्हणून भांडण तिथे नेऊ नका. त्यांच्या हातात काय आहे त्याची यादी करा: स्वतःचा वीजवापर, स्वतःच्या बस, कचरा, झाडं, नाले, बांधकाम परवानगीतल्या अटी. एवढ्यावर बोला. बाकीचं राज्य आणि केंद्र सरकारशी, वेगळ्या दिवशी.

स्वतःचा वीजवापर ही सुरुवातीला सर्वांत सोपी जागा, कारण तिथे वाद घालायला जागाच नसते. महापालिकेच्या वीजबिलात मोठा वाटा पाणी उपसण्याचा असतो, मग पथदिवे आणि मैलाशुद्धीकरण. बिलं महिन्याला येतात, त्यावर युनिट छापलेले असतात. आपल्या देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे ढोबळमानानं ०.७ किलो कर्बवायू धरतात. एखादं पंपिंग स्टेशन महिन्याला १० लाख युनिट वापरत असेल तर झाले ७०० टन. हे गणित पाचवीतलं मूल करेल. बारा महिन्यांची बिलं मागा आणि दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा मागा. तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे असा आलेख असेल, जो खुद्द महापालिकेकडे नसतो. आम्ही हे केलं तेव्हा एका टाकीचा पंप रात्रभर चालतो आणि टाकी भरून वाहते, हे उघड झालं. टाकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह बिघडला होता. हवामान बदलाच्या लढाईतला आमचा पहिला विजय म्हणजे एक व्हॉल्व्ह. हसा हवं तर, पण त्या खात्यानं त्यानंतर आम्हाला कधी बाहेर बसवून ठेवलं नाही.

काही गोष्टी मात्र कायद्यानंच तारखेसकट बांधलेल्या आहेत आणि लोकांना त्या ठाऊकच नसतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ६७ अ पाहा. आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैच्या आत मागच्या आर्थिक वर्षातल्या शहराच्या पर्यावरणाचा अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. पर्यावरण सद्यस्थिती अहवाल म्हणतात त्याला. हवामान आराखड्याची प्रगती नोंदवायला याहून योग्य जागा नाही, कारण हा अहवाल दरवर्षी द्यावाच लागतो. मागचे तीन अहवाल घेऊन बसा. आमच्या शहराच्या तीन अहवालांत ध्वनिप्रदूषणाचा तक्ता दशांश चिन्हासकट सारखाच निघाला, फक्त वर्ष बदललं होतं. पुढच्या अहवालात आराखड्यातल्या प्रत्येक कामाची स्थिती एका प्रकरणात द्यावी, एवढीच मागणी आम्ही केली. पहिल्या वर्षी ते प्रकरण पानभर आलं, दुसऱ्या वर्षी नऊ पानं.

दुसरं, झाडं. १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायला सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं आहे, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट घातली आहे. आणि तुमच्या घरपट्टीचं बिल काढून पाहा, त्यात वृक्षकराची एक ओळ असते. म्हणजे झाडांसाठी तुम्ही वेगळे पैसे आधीच भरता. ते जमा किती झाले आणि कुठे गेले, हा प्रश्न कोणत्याही सभेत विचारा, शेजारचे दहा जण माना वळवतील. हवामान बदलावर तासभर भाषण दिलं तरी एवढं होत नाही.

हवेसाठी केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा निधी २०१९ पासून येतो, राज्यातल्या डझनभराहून जास्त शहरांना. त्याचा मोठा भाग रस्त्यावरची धूळ झाडण्यात आणि कारंजी बसवण्यात जातो. उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे निधी कशावर खर्च झाला याचे दाखले, मागवा, तुमच्याकडे काय झालं ते कळेल.

माहिती अधिकाराबद्दल सविस्तर सांगते, कारण नवे लोक इथे हमखास फसतात. अर्जात 'का' हा शब्द लिहू नका. 'आराखड्याची अंमलबजावणी का झाली नाही?' या प्रश्नाला 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही' असं उत्तर येतं, आणि ते नियमाला धरूनच असतं. कायदा कागद देतो, कारणं देत नाही. तेव्हा कागदाचं नाव लिहून मागा: कार्यादेशाची (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेल्या आदेशाची) प्रत, मोजमाप पुस्तिकेची (झालेलं काम मोजून नोंदवायच्या वहीची) पानं, देयकाची प्रत, अमुक ठरावाचं इतिवृत्त. आपल्या राज्यात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे निबंध लिहायची सोयही नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. अपीलाच्या सुनावणीला स्वतः जा. अर्धे कागद सुनावणीच्या आदल्या दिवशी मिळतात, हा माझा अनुभव.

आणि प्रती मागण्याऐवजी फाइल बघायला मागा. कायद्याच्या व्याख्येतच अभिलेखाची तपासणी करण्याचा हक्क आहे. शिवाय राज्यातल्या स्थानिक कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अर्जाविना अभिलेख पाहू द्यावेत, असे शासनाचे २०१८ चे आदेश आहेत. त्या आदेशाची प्रत पिशवीत ठेवाच, कारण खिडकीवरच्या माणसाला तो माहीत असतोच असं नाही.

फाइलीत काय मिळतं? आमच्या वळण रस्त्यावर वृक्षलागवडीचं एक काम झालं होतं, ४,००० रोपं. बिल अदा झालेलं. मी आणि एक बीएस्सीची मुलगी सोमवारी जाऊन बसलो. लिपिकानं फाइल दिली, पंखा मात्र आमच्या बाजूचा बंद केला. मोजमाप पुस्तिकेत खड्ड्यांची नोंद होती: लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी साठ सेंटीमीटर, नग ४,०००, तारीख एकच. मुलीनं पान उलटून हजेरीपत्रक काढलं. त्या दिवशी कामावर मजूर बारा. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वहीत भागाकार मांडला, माणशी तीनशे तेहेतीस खड्डे. मग आम्ही रस्त्यावर गेलो. लांबी १,८०० मीटर. निविदेत दोन रोपांत तीन मीटर अंतर लिहिलेलं. म्हणजे एका बाजूला सहाशे, दोन्ही बाजूंना बाराशे. चार हजार रोपं त्या रस्त्यावर मावतच नव्हती.

इथे तुमचा हात फोनकडे जाईल, थेट वार्ताहराकडे. थांबा. आम्ही तो कागद आधी उद्यान विभागाच्या उपअभियंत्याकडे नेला. ते म्हणाले, रोपं तीन ठिकाणी लावलीत, फाइलीत एकच ठिकाण पडलं. ठीक आहे, यादी द्या. त्यांनी दिली. आम्ही पुढचे दोन रविवार तिन्ही ठिकाणी खडू घेऊन मोजलं. जिवंत झाडं १,४६०. मग ते स्वतःच म्हणाले, "मॅडम, ठेकेदाराला लावल्याचे पैसे मिळतात, जगवल्याचे नाही. मी काय करू?" हे वाक्य मला पाच वर्षांच्या निवेदनांतून मिळालं नव्हतं. पुढच्या निविदेत अट बदलली: रोप लावल्यावर निम्मे पैसे, उरलेले दोन पावसाळ्यांनंतर, जिवंत झाडं मोजून. अटीचा मसुदा त्या उपअभियंत्यानंच लिहिला. आम्ही फक्त स्थायी समितीत ती कोणी खोडणार नाही, यावर लक्ष ठेवलं. बातमी आम्ही दिलीच, पण अट मंजूर झाल्यावर, आणि बातमीत त्या अधिकाऱ्याला श्रेय दिलं. जुन्या बिलाची चौकशी आजही 'प्रगतिपथावर' आहे. तिच्या मागे लागून आम्ही दमलो असतो तर नवी अट झाली नसती. हा सौदा मला पूर्ण पटतो असं नाही, पण मी तो पुन्हा करीन.

म्हणूनच म्हटलं, कागद अभियंत्याला आधी. खालच्या आणि मधल्या फळीतल्या अभियंत्यांना आपल्या खात्यात कुठे काय चुकतंय ते ठाऊक असतं. वरून त्यांना कोणी विचारत नाही, आणि बाहेरून येणारा प्रत्येक जण त्यांना चोर समजून येतो. तुम्ही आकडे घेऊन, आवाज न चढवता, चौथ्यांदा त्याच केबिनमध्ये गेलात की बोलणं सुरू होतं. अर्थात काही खरोखरच चोर असतात. तेही चौथ्या भेटीपर्यंत कळतं.

नगरसेवकांचं वेगळं. २०२२ नंतर मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक होते. महासभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे निर्णय एकच माणूस एकाच टेबलावर घेत होता, आणि विचारायला सभागृहच नव्हतं. आता निवडून आलेले लोक परत आले आहेत. त्यांच्यातले बरेच नवे आहेत, हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. नव्या नगरसेवकाला सभेत विचारायला प्रश्न हवे असतात. 'नेट झीरो' त्यांना सांगू नका. त्यांच्या प्रभागातल्या ज्या चौकात पाणी तुंबतं त्याच्या पावसाळी गटाराचं लेखाशीर्ष, मागच्या तीन वर्षांचा खर्च आणि लेखी प्रश्नाचा मसुदा असं तिन्ही हातात द्या. सभागृहात आलेल्या प्रश्नाला प्रशासनाला उत्तर द्यावं लागतं आणि ते इतिवृत्तात जातं. इतिवृत्तातलं एक वाक्य दहा निवेदनांना भारी. मात्र एकाच पक्षाच्या नगरसेवकाकडे जाऊ नका. पहिल्या वर्षी आम्ही ती चूक केली आणि पुढची तीन वर्षं 'ते त्यांचे लोक' म्हणून ओळखले गेलो.

प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात, ही तरतूद आहे. तिथे बहुधा पक्षाचे कार्यकर्तेच संस्थेच्या लेटरहेडवर येतात, तरी अर्ज करून ठेवा. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूदही २००९ पासून कायद्यात आहे. ती भरलेली मी अजून पाहिलेली नाही.

कोर्टाचं म्हणाल तर, मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये येतो, असं म्हटलं. मोठी गोष्ट आहे. पण तुमच्या आराखड्यातल्या पंचेचाळीस कामांपैकी सदतिसाव्या कामाला निधी द्या, असं सांगायला न्यायालय बसलेलं नाही. कोर्टात जायचं ते एखादी विशिष्ट, न भरून येणारी हानी थांबवायला. तिथे तारखांचं भान हवं. पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे वाद न्यायचा तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. आणि मुंबईतलं आरे आठवा, मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं तोडायची होती. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या, त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयानं ७ तारखेला स्थगिती दिली तेव्हा दोन हजारांवर झाडं आडवी झालेली होती. दोन-तीन रात्री पुरल्या. म्हणून झाडं तोडायची परवानगी देणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाच्या नोटिसा येतात त्याच आठवड्यात हरकती घाला. ती नोटीस तुमच्या गटातल्या एका माणसानं रोज पेपरात शोधायची, हे त्याचं कामच ठरवून टाका. आमच्याकडे हे काम एक आजोबा करतात, शब्दकोडं सोडवायच्या आधी.

एका गोष्टीत मी स्वतः चुकलेली आहे, तीही सांगते. ओढ्याकाठची अतिक्रमणं काढा, अशी मागणी आम्ही सुरुवातीला जोरात केली होती. महापालिकेनं ती लगेच ऐकली. इतकी तत्परता आम्ही कधी पाहिली नव्हती. पत्र्याची ऐंशीएक घरं मे महिन्यात पाडली. ओढ्याच्या पूररेषेत भराव टाकून उभ्या राहिलेल्या दोन टोलेजंग इमारतींना नोटीससुद्धा गेली नाही. त्या वस्तीतल्या एक बाई मला म्हणाल्या, "ताई, पाणी आमच्याच घरात शिरतंय, आणि घरही आमचंच गेलं." तेव्हापासून कुठलीही मागणी लिहिताना आम्ही त्यात पुनर्वसनाचं वाक्य आधी लिहितो, आणि तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय ती मागणी पुढे नेत नाही. उन्हाच्या बाबतीतही तेच. उष्णतेचा कृती आराखडा अहमदाबादनं २०१३ मध्ये केला, नंतर बऱ्याच शहरांनी त्याचा कित्ता गिरवला. तुमच्या शहराचा असेल तर त्यात सफाई कामगारांच्या पाळीची वेळ बदलली का, एवढंच पाहा. ते महापालिकेचेच कामगार आहेत, निदान तिच्याच ठेकेदाराचे. एक परिपत्रक पुरतं, निधीही लागत नाही.

तुम्ही सात-आठ जण आहात. पुरेसे आहात. सगळ्यांनी सगळं करू नका. एकानं फक्त अंदाजपत्रक, दोघांनी माहिती अधिकार, एकानं स्थायी समितीची विषयपत्रिका दर आठवड्याला. कॉलेजातल्या दोघांना मोजणी द्या, त्यांचे पाय चांगले असतात. आणि आराखड्यातली सगळी कामं धरू नका, पाच धरा. आम्ही सात धरली, त्यातली दोन सुटलीच. ही पाच अशी निवडा की ज्यांचा आकडा महापालिकेच्याच कागदावर दरवर्षी छापला जातो. सर्वेक्षण तुम्ही स्वतः केलंत तर पहिला वाद तुमच्या सर्वेक्षणावरच होतो.

मोर्चा कधी काढायचा? वर्गीकरणाचा प्रस्ताव विषयपत्रिकेवर दिसेल त्या आठवड्यात. तेव्हा तीस माणसं पुरतात, प्रत्येकाच्या हातात तोच एक कागद, आणि स्थायी समितीच्या दारात, सभा सुरू व्हायच्या अर्धा तास आधी.

येत्या सोमवारी दोघांनी रजा टाका आणि तीन वाजता पाणीपुरवठा विभागात जा. वीजबिलांची फाइल मागा. पहिल्यांदा 'साहेब नाहीत' असं उत्तर मिळेल. बसून राहा, पाच वाजेपर्यंत बसायचा हक्क आहे. बरोबर पाण्याची बाटली आणि कॅल्क्युलेटर न्या, आणि फाइल हातात आली की आधी मार्चचं बिल काढा.